पाच किलोमीटरच्या रोजच्या फेरीत मोटरसायकलचं ॲव्हरेज कसं वाढवायचं

नाशिकमध्ये शालिमारजवळ स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे हा प्रश्न रोज कानावर पडतो: "भाऊ, गाडी ॲव्हरेज देत नाही, काय टाकू?" कुणाला नवा प्लग हवा असतो, कुणाला टाकीत ओतायची बाटली, कुणी पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक मागतो. मी उलट विचारतो, रोजची फेरी किती? उत्तर ठरलेलं असतं. घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर, मधे मुलाची शाळा, संध्याकाळी भाजी. अशा वेळी मी वस्तू विकत नाही, आधी चार गोष्टी सांगतो. त्याच इथे सविस्तर लिहितोय, कारण गिऱ्हाइकांच्या गर्दीत सगळं सांगून होत नाही.

छोट्या फेरीत पेट्रोल दोन ठिकाणी जातं. एक, इंजिन गार असताना. दुसरं, ब्रेकमध्ये. त्यात तुम्ही स्वतः दाबलेला ब्रेक आला आणि न दाबता चाकाला घासत राहिलेलाही आला. या दोन्हींवर काउंटरवर औषध मिळत नाही. हायवेवर ६५ देणारी गाडी गावात ४५ वर येते ती यामुळेच.

आधी नीट मोजा

शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज काढणं सोडून द्या. शंभरात आता लिटरभरही येत नाही. एवढ्याशा पेट्रोलवर काढलेला आकडा कधी ७० येतो, कधी ३८, आणि दोन्ही खोटे असतात. काट्यावरून किंवा रिझर्व्हवरून काढलेल्या हिशोबाचंही तेच.

पद्धत साधी आहे. गाडी मेन स्टँडवर उभी करा, म्हणजे टाकी दर वेळी सारख्याच पातळीत राहील. पेट्रोल टाकीच्या तोंडाच्या आतल्या कडेच्या थोडं खालपर्यंत भरा. अगदी काठोकाठ नको. बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांची पायरी) पासूनच्या गाड्यांत पेट्रोलची वाफ अडवणारा डबा असतो. टाकी तुडुंब भरली तर पेट्रोल त्या डब्यात उतरू शकतं, आणि उन्हात फुगून बाहेर येतं ते वेगळंच. आता मीटरचा फोटो काढा. निदान पाच लिटर संपेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर, तशीच मेन स्टँडवर, त्याच पातळीपर्यंत भरा. २८६ किलोमीटर झाले आणि ५.२ लिटर बसलं, तर ॲव्हरेज ५५. पाच लिटरमागे पाव लिटरची चूक झाली तरी आकडा पाच टक्केच हलतो. अर्ध्या लिटरमागे तेवढीच चूक निम्मा हिशोब उलटा करते.

रोज दहा किलोमीटर होत असतील तर एका मोजणीला महिना जाईल. जाऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करू नका. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे गाडी चालवून काढलेला असतो. तुमची तुलना तुमच्याच मागच्या टाकीशी.

गार इंजिनाचा खर्च

गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बराचसा भाग आतल्या भिंतींना ओला चिकटून राहतो. तरीही ठिणगीजवळ पेटण्याइतकी वाफ लागतेच, म्हणून पेट्रोल जास्त सोडावं लागतं. कार्बोरेटरच्या गाडीत ते काम चोक करतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत इंजेक्शन आहे. तिथे इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर सांगतो आणि इंजेक्टर आपणहून जास्त पेट्रोल सोडतो. चोकचा खटका नाही म्हणजे चोकचा खर्च नाही असं नव्हे, तो दिसत नाही इतकंच. त्यात ऑइल घट्ट असतं, त्यामुळे इंजिनाला स्वतःलाच फिरवायला जोर लागतो. हे सगळं जागेवर यायला दोन-तीन किलोमीटर लागतात, आणि थंडीत निफाड-नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला की आणखी जास्त. तुमची फेरीच पाच किलोमीटरची असेल तर निम्मा रस्ता इंजिन महागात चालतं. एक किलोमीटरवर दूध आणायला गाडी काढली तर जाणं-येणं सगळंच महागात.

म्हणून सगळ्यात मोठी बचत गाडीला हात न लावता होते: गार इंजिन चालू करण्याच्या खेपा कमी करा. सकाळी दूध, दहाला ऑफिस, दुपारी बँक, संध्याकाळी भाजी, रात्री मेडिकल. या पाच खेपांतल्या तीन एकत्र बसतात. बसवताना एक युक्ती करा: सगळ्यात लांबचं काम आधी. सलग चालल्याने इंजिन पूर्ण तापतं. मग परत येताना बँक, भाजी, मेडिकल असे थांबे घेतले तर पाच-दहा मिनिटांत इंजिन गार होत नाही आणि प्रत्येक सुरुवात गरम इंजिनावर होते. उलट क्रमाने गेलात, म्हणजे निघाल्या निघाल्या कोपऱ्यावर पहिला थांबा घेतलात, तर अर्धवट तापलेलं इंजिन दर थांब्याला थोडं गार होत राहतं. आणि अर्ध्या किलोमीटरच्या आतलं काम असेल तर पायी जा. हे मी पेट्रोलपुरतंच सांगत नाही. अशा खेपांनी इंजिनाचंही नुकसान होतं, ते पुढे ऑइलपाशी सांगतो.

सकाळी गाडी चालू करून गेटबाहेर पाच मिनिटं घुरघुरत ठेवायची सवय अजून खूप घरांत आहे. तिने इंजिन फारसं तापत नाही, पेट्रोल मात्र शून्य किलोमीटरला जळतं. चालू केल्यावर हेल्मेट घालेपर्यंतचा वेळ पुरे. पहिला किलोमीटर हलक्या हाताने, रेस न पिळता न्या. चालवतानाच इंजिन लवकर तापतं. चोकवाली गाडी असेल तर इंजिन चोकशिवाय टिकायला लागलं की लगेच चोक काढा. अर्धा चोक ओढलेला राहून माणूस ऑफिसपर्यंत जातो, आणि मग प्लग काळा पडला म्हणून माझ्याकडे येतो.

चाक हाताने फिरवून पाहा

आता सांगतो ते घरी, पाच मिनिटांत, बिनपैशाचं होतं, आणि मी सगळ्यात जास्त वेळा हेच कारण सापडलेलं पाहिलं आहे.

एक गिऱ्हाईक चेन ताणून घेतल्यापासून गाडी जड चालते म्हणून आले. गाडी शाइन, काम दुसरीकडे केलेलं. दुकानासमोर मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवलं. अर्धी फेरीही पुरी झाली नाही. ब्रेकच्या पॅडलला चाल उरलीच नव्हती, बोट टेकवलं की लगेच टणक. मागचा लाल दिवाही भर दिवसा पेटलेला. पाना लावून ब्रेक रॉडचा नट दोन-तीन आटे सैल केला, चाक पुन्हा फिरवलं, आणि ते दोन फेऱ्या मारून थांबलं. दिवा विझला. पार्ट काही लागला नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा फसणार नाही. मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड पॅडलपासून चाकापर्यंत जातो. चेन ताणायची म्हणजे मागचं चाक मागे सरकवायचं. चाक मागे गेलं की रॉडही ओढला जातो आणि ब्रेकची चाल कमी होते. म्हणून चेन ताणली की ब्रेकही पुन्हा सेट करायचा, हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये दुसरा भाग राहून जातो. पॅडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल हवी, आणि ब्रेकचा दिवा पॅडल दाबल्यावरच लागायला हवा. सैल करताना अति करू नका. पॅडल पूर्ण खाली जाऊन ब्रेक लागत असेल तर पेट्रोल वाचवायच्या नादात हाडं मोडतील.

चाक फिरवताना कान द्या. हलकी खसखस चालते, चेनचाही थोडा अडथळा असतोच. पण एका ठरावीक जागी अडत असेल तर ड्रम किंवा शू पाहावे लागतील. पुढचं चाकही उचलून तसंच फिरवा. डिस्कला पॅड हलकेच लागतो, ते चालतं. पण चाक अडत असेल तर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजलेल्या असतात, त्या साफ करून योग्य ग्रीस लावून घ्या. आणखी एक तपासणी: ब्रेक फार न वापरता दोन-तीन किलोमीटर जाऊन या आणि हात हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ न्या. कोमट ठीक, चटका बसण्याइतका गरम नको. ती उष्णता म्हणजे तुमचं पेट्रोल.

बऱ्याच जणांचा पाय चालवताना पॅडलवरच टेकलेला असतो. स्वतःला ते कळत नाही. मागून येणाऱ्या मित्राला विचारा, माझा ब्रेकचा दिवा सारखा पेटलेला दिसतो का म्हणून.

चेनची चाल बंद कव्हरच्या गाडीत रबरी बूच काढून बोटाने तपासता येते. बहुतेक १०० ते १२५ सीसी गाड्यांना वर-खाली मिळून २० ते ३० मिलिमीटर लागते, म्हणजे साधारण बोटाच्या पेराएवढी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. फार ताणलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट, ती बेअरिंगही खाते. वंगणाला ९० नंबरचं गिअर ऑइल द्या, इंजिनातलं जळकं ऑइल नको, त्यात धातूचा कीस असतो. क्लचच्या लिव्हरलाही टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. ती नसली तर क्लच थोडा दाबलेलाच राहतो. इंजिन ओरडतं, गाडी त्या मानाने पळत नाही, आणि प्लेटा जळतात.

हवा

हवेचा आकडा चेनकव्हरवर किंवा आसपासच्या स्टिकरवर छापलेला असतो, नाहीतर पुस्तकात. एकट्यासाठी वेगळा, डबल सीटसाठी वेगळा. १००-१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना एकट्याला पुढे २५ आणि मागे २८-२९ लागते, पण तुमच्या स्टिकरवर जे असेल तेच खरं. हवा चाक गार असताना भरायची. उन्हात दहा किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर काटा दोन-तीन पॉइंट जास्त दाखवतो, आणि तुम्ही समाधानाने कमी हवा घेऊन घरी येता. थंडी सुरू झाली की आपोआपही उतरते, दर पाच-सहा अंशांना सुमारे एक पॉइंट. ऑक्टोबरात भरलेली हवा डिसेंबरात पुरत नाही.

स्वतःचा हवेचा गेज घ्या. माझ्या दुकानातल्या वस्तूंपैकी ॲव्हरेजसाठी मी मनापासून विकतो ती हीच. पंपावरच्या मशीनवर डोळे झाकून विसंबू नका. आणि पेट्रोल वाचावं म्हणून पाच-सात पॉइंट जास्त भरू नका, पावसात नाशिकच्या गुळगुळीत झालेल्या चौकात त्याची किंमत कळते.

उजवा हात

ब्रेक दाबला की जी गती मरते ती पेट्रोल जाळूनच मिळवलेली असते, आणि तिच्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४० वरून थांबण्यापेक्षा ५० वरून थांबताना दीडपटीहून जास्त ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. दोन सिग्नलमधलं अंतर चारशे मीटर असेल तर ५० ला नेऊन मिळतं काय? लाल दिव्यापाशी थोडं लवकर उभं राहणं. म्हणून गावात ३५-४० पुरे, आणि नजर पुढच्या गाडीवर न ठेवता पुढच्या चौकावर ठेवा. दिवा लाल दिसला की तिथेच रेस सोडा, गिअर तसाच ठेवा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये रेस सोडली की वेग बराच असेपर्यंत पेट्रोल पूर्ण बंद करतात. न्यूट्रल करून उतारावरून घरंगळत येणाऱ्यांना वाटतं आपण वाचवतोय, पण तेव्हा इंजिन आयडलिंगचं पेट्रोल पीतच असतं आणि गाडी ताब्यात कमी असते.

गिअर लवकर वर न्या. इंजिन ओरडायच्या आधी पुढचा गिअर, पण हिसके मारायला लागलं तर एक खाली. चाळिशीत टॉपमध्ये शांत चाललेली १०० सीसी गाडी सगळ्यात कमी पिते. साठीवर गेलात की वाऱ्याचा अडथळा चाळिशीच्या सव्वादोन पट होतो.

सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. सेकंद मोजणारे दिवे असतील तिथे हे सोपं आहे. पण बॅटरी जुनी असेल तर जरा जपून, कारण छोट्या फेरीत बॅटरी तशीही पुरती चार्ज होत नाही. किक असेल तर सकाळची पहिली सुरुवात किकने करा.

रस्ता निवडताना अंतरापेक्षा थांबे मोजा. मी इंदिरानगरहून येतो. बोगद्यापाशी गाड्या खोळंबल्या की हाफ क्लचवर इंच-इंच सरकण्यात जे जळतं, त्यापेक्षा वेळ थोडी पुढे-मागे करणं किंवा लांबून पण चालत्या रस्त्याने येणं स्वस्त पडतं. दहा मिनिटं लवकर निघालं तर मुंबई नाक्याचं सर्कल वेगळंच असतं.

फिल्टर, प्लग, ऑइल

एअर फिल्टरबाबत एकच गैरसमज दूर करायचाय. तेलकट कागदाचा फिल्टर असेल तर त्याला हवा मारायची नाही, पेट्रोलने धुवायचा नाही, पुस्तकातल्या किलोमीटरला बदलायचा. वॉशिंग सेंटरवर हवेचा फवारा मारून "साफ" केलेला फिल्टर आतून फाटतो आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. फोमचा असेल तर धुता येतो. प्लग काढून रंग पाहा: फिकट तपकिरी चांगला, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा फेऱ्या फारच छोट्या आहेत. महागडा इरिडियम प्लग टाकून ॲव्हरेज वाढत नाही, सध्याचा प्लग मेलेला असेल तरच फरक दिसतो. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोलही साध्या गाडीला काही देत नाही. चुंबक आणि बाटल्यांबद्दल विचारूच नका.

ऑइलवर मात्र लक्ष द्या. पुस्तकात १०डब्ल्यू-३० (ऑइलच्या जाडीचा आकडा) असेल तर "जाड ऑइल चांगलं" म्हणून २०डब्ल्यू-५० घालू नका. गार इंजिन आधीच जड फिरतं, छोट्या फेरीत तो भार सगळा रस्ताभर राहतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असा ऑइलचा दर्जा लिहिलेला पाहा. एमबी स्कूटरसाठी असतं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि जास्त गुळगुळीत ऑइलने घसरू शकतो. आणि मघाशी म्हटलं ते नुकसान हे: इंजिन पुरतं तापलं नाही की आत साचलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये राहतं, उडून जात नाही. त्यामुळे रोज चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटर भरायची वाट न पाहता पुस्तकातल्या महिन्यांच्या मुदतीला बदला. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटरची सलग चक्कर झाली तर ऑइल आणि बॅटरी दोघांचं भलं होतं. गंगापूर धरणाकडे जायला तेवढं कारण पुरे.

इथेनॉलचं काय?

हल्ली सगळा दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर जातो. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाचा परिणाम होतो हे खरं आहे. केंद्र सरकारच्याच २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात, जुन्या धाटणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे ५५ चे ५३ झाले तर समजू शकतो. ५५ चे ४२ झाले असतील तर इथेनॉलवर थांबू नका, मागचं चाक फिरवून पाहा.

हे सगळं करून दोन टाक्या मोजल्या आणि तरी आकडा हलला नाही, तर मेकॅनिककडे जा. "ॲव्हरेज देत नाही" एवढंच म्हणालात तर तो कार्बोरेटरचा स्क्रू फिरवेल आणि गाडी देईल. त्याऐवजी मोजणीचा कागद दाखवा आणि या क्रमाने तपासायला सांगा: गार इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), क्लच घसरतो का, चाकांची बेअरिंग, मग कॉम्प्रेशन. इंजेक्शनची गाडी असेल तर मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा चालवताना पेटतो का ते आधीच बघून ठेवा आणि स्कॅनर लावायला सांगा. ऑक्सिजन सेन्सर किंवा तापमानाचा सेन्सर बिघडला असेल तर गाडी गरम होऊनही गार असल्यासारखं पेट्रोल सोडत राहते, आणि ते हाताने चाचपून कळत नाही.